डॅशबोर्डावरची टिकली

बाईंच्या जीपमध्ये बसलं की आधी हजेरी व्हायची. किल्ली फिरवण्यापूर्वी त्या समोरच्या काचेकडे बघत विचारायच्या, "डिझेल?" काटा बघून मी म्हणायचं, "हजर." "पाणी?" "हजर." "ब्रेक?" हे मात्र त्या स्वतः पाय दाबून बघायच्या आणि स्वतःच "हजर" म्हणायच्या. मग दारं, मग जॅक, आणि सगळ्यात शेवटी "भाडेकरू?" मी त्यांच्या शेजारच्याच सीटवर बसलेलो असायचो. माझं कोपर त्यांच्या कोपराला लागत असायचं. तरीही मी "हजर" म्हटल्याशिवाय गाडी सुरू झाली, असं कधी घडलं नाही.

संगमनेरला एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तेव्हा मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहायला गेलो. खोली दाखवण्याआधी त्यांनी माझ्या हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र दिलं आणि टोमॅटोच्या बाजाराची बातमी मोठ्यानं वाचायला लावली. मी जामखेडकडचा. आमच्याकडं पाण्याचं 'पानी' होतं आणि कोणीचं 'कोनी'. बातमी वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "खोली मिळेल. ण सुधारावा लागेल." तो सुधारला. आता घरी तोंड उघडलं की घरचे एकमेकांकडे बघतात, याला काय झालं म्हणून.

बाई प्राथमिक शिक्षिका होत्या. सगळी नोकरी अकोले तालुक्यातल्या डोंगरांत झालेली. एसटी जिथं वळून परत जाते तिथं उतरायचं आणि पुढं शाळेपर्यंत चढत जायचं. त्या म्हणायच्या, "माझी नोकरी चढायची होती. वर पोचल्यावर दम उरला तर शिकवायचे." त्यांच्याबरोबरच्या बायका निवृत्त झाल्यावर कोणी काशीला गेल्या, कोणी पाटल्या केल्या. बाईंनी जुनी फोर बाय फोर जीप घेतली. कशाला घेतली असं कोणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "हे सगळे चढ मी पायांनी चढले. आता तेच चढ बसून चढायचेत."

गाडी चालवायला त्या निवृत्तीनंतर शिकल्या. शिकवायला आलेल्या माणसाला त्यांनी पहिल्या दिवशी पाठाचं उद्दिष्ट काय ते विचारलं, दुसऱ्या दिवशी त्याचं गिअर बदलताना बोलणं कसं अस्पष्ट आहे ते दाखवून दिलं, आणि तिसऱ्या दिवसापासून तो मागच्या सीटवर बसायला लागला. पण चालवायला शिकल्या त्या पक्क्या. चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढताना त्यांचा चेहरा असा शांत असायचा, जणू समोर भाताच्या खाचराऐवजी शुद्धलेखनाची वही आहे. त्यांचे काही नियम होते. चढावर कोणी बोलायचं नाही. उतारावर बोललं तर चालेल, पण गाडीबद्दल वाईट बोलायचं नाही. आणि गाडीनं आगळीक केली, म्हणजे वाटेत बंद पडली किंवा चौकात भलताच आवाज केला, तर घरी आल्यावर तिला कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभं करायचं. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा मला वाटलं, सावलीसाठी असेल. मी तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "नाही. शिक्षा आहे. संध्याकाळपर्यंत."

ती गाडी होतीच तशी अडनिड्या वयाची. जुन्या जीपसारखी नुसती लोखंडाची नव्हे, आणि आजच्या गाड्यांसारखी बोलकीही नव्हे. बाहेरून पैलवान आणि आत कुठंतरी संगणक. त्या संगणकाला बाहेरच्या जगाशी बोलायला एकच सोय दिलेली होती, ती म्हणजे डॅशबोर्डावरचा एक पिवळा दिवा. त्यात इंजिनाचं चित्र होतं. इंजिनात कुठं काही बिनसलं की हा दिवा लागतो. काय बिनसलं ते मात्र सांगत नाही.

तो पहिल्यांदा लागला तेव्हा आम्ही भाजी घेऊन येत होतो. बाईंनी गाडी बाजूला घेतली, चष्मा लावला आणि बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिल्या. त्यांना ते इंजिन वाटेना. "हा आंघोळीच्या पाण्याचा बंब आहे," असं त्यांनी ठरवलं. घरी येऊन गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की हा दिवा लागल्यास वाहन ताबडतोब अधिकृत सेवा केंद्रात घेऊन जावे. बाईंनी पुस्तक मिटलं. "म्हणजे पालकांना भेटायला बोलावलंय," त्या म्हणाल्या. "पोरानं केलंय काय, ते लिहायचं नाही. नुसतं भेटायला या."

गाडी चालत होती, ब्रेक लागत होते, धूर नेहमीचाच होता. फक्त कधीकधी, आणि तेही चढावर, तिच्यातला जोर अचानक निघून जायचा. ऍक्सिलरेटर कितीही दाबा, ती आपली आजारी म्हशीसारखी चालायची. बंद करून पुन्हा सुरू केली की ठीक. दिवा मात्र जायचा नाही.

आधी आम्ही बायपासजवळच्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्यानं बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर काढली, एक चहा प्यायला आणि वायर परत लावली. दिवा गेला. "झालं बाई," तो म्हणाला. आमच्या फाटकात वळताना दिवा पुन्हा लागला. बाईंना राग आला नाही. उलट त्यांना ओळख पटल्यासारखं झालं. मास्तर वर्गातून बाहेर पडले की पुन्हा उठून उभं राहणारं एक पोर प्रत्येक वर्गात असतंच, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मग गल्लीतल्या लोकांची मतं सुरू झाली. दिवा लागल्याचं कळल्यापासून संध्याकाळी कोणी ना कोणी यायचं आणि बॉनेट उघडायला लावायचं. आमच्या दूधवाल्याचं म्हणणं, उंदरांनी वायर कुरतडली. शेजारच्या निवृत्त कंपाउंडरांनी इंजिनावर हात ठेवून ताप बघितला आणि पंपावरचं डिझेल वाईट असल्याचं निदान केलं. सगळे जण पुढून वाकून आत बघायचे, कशाला तरी हात लावायचे आणि मग रुमालाला हात पुसत चहाची वाट बघायचे. गाडीच्या पुढच्या बाजूला इतकी वर्दळ झाली की तिथं गवत उगवेनासं झालं.

मीही मागं राहिलो नाही. डिझेलची शंका मला शास्त्रीय वाटली. मी एका बाटलीत टाकीतलं डिझेल काढून घेतलं आणि आमच्या प्रयोगशाळेत नेलं, म्हटलं पाणी मिसळलंय का ते तरी बघू. बाटली मी चुकून दुधाच्या नमुन्यांच्या रॅकमध्ये ठेवली. आमचे साहेब फिरत फिरत आले, त्यांनी ती पिवळसर बाटली उचलून उजेडात धरली आणि गंभीरपणे विचारलं, हे कुठल्या संकलन केंद्राचं? गाईचं आहे का? मी खरं सांगितलं. साहेबांनी बाटली खाली ठेवली आणि हात साबणानं धुतला. नंतर कितीतरी दिवस मला सगळे विचारायचे, फॅट किती लागली. डिझेलमध्ये पाणी नव्हतं. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मला शाबासकी दिली, कारण, त्या म्हणाल्या, उत्तर चुकलं तरी पायऱ्यांना मार्क असतात.

शेवटी आम्ही स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मिस्त्रीनं स्टिअरिंगखाली एक वायर खुपसली, हातातल्या यंत्राकडे बघितलं आणि इंग्रजी अक्षर अन् आकडे असा एक कोड वाचून दाखवला. बाई म्हणाल्या, "नुसता क्रमांक नको. पूर्ण वाक्यात उत्तर सांगा." मिस्त्री गोंधळला. त्याच्या आयुष्यात स्कॅनरला कोणी वाक्य विचारलं नव्हतं. तो थोडा वेळ डोकं खाजवत राहिला आणि म्हणाला, "ब्रेकच्या स्विचचा सिग्नल बराबर येत न्हाई." बाईंनी मान हलवली. वाक्य बरोबर होतं. ब्रेकचं पेडल दाबलं की मागचे लाल दिवे लावणारं ते एक छोटं बटण असतं, त्यावरूनच संगणकालाही ब्रेक कळतो. मिस्त्रीनं ते बदललं. दिवा गेला. बाईंनी त्याला त्याच्याच गॅरेजच्या भिंतीवर खडूनं 'प्रगती समाधानकारक' असा शेरा लिहून दिला.

आठवडा बरा गेला. मग एका सकाळी हजेरी झाली, किल्ली फिरली आणि बंब पुन्हा पेटला.

बाई गाडीतून उतरल्या. घरात गेल्या, टिकल्यांचं पाकीट घेऊन आल्या आणि त्यातली एक मोठी मरून टिकली काढून त्या दिव्यावर चिकटवली. अंगठ्यानं दाबून बघितली. दिवा अगदी दिसेनासा झाला. "चालू," म्हणाल्या.

यामागं एक कारण होतं आणि ते पुण्यात होतं. बाईंचा मुलगा पुण्याला गाड्यांच्या संगणकांशी संबंधित कंपनीत काम करायचा. आईनं या वयात डोंगरात जीप घालू नये, असं त्याला मनापासून वाटायचं. त्यात वाईट काही नव्हतं. एकदा जीप पांजरे गावाच्या वरच्या बाजूला बंद पडली होती आणि बाई बैलगाडीतून परत आल्या होत्या, तेव्हापासून त्यानं धसकाच घेतला होता. आता पुन्हा काही बिघडलं तर गाडी विकायची, असं त्यानं बजावलं होतं आणि बाईंनीही कुठल्यातरी बेसावध क्षणी हो म्हटलं होतं. बाई शब्द मोडत नसत. त्यामुळे गाडी बिघडली आहे हे त्यांना मान्यच करता येत नव्हतं.

आई-मुलाचं एक वेगळंच होतं. तो लहानपणी त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच वर्गात होता. शाळेत आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, असा दंडक. तो मला एकदा सांगत होता की दुसरीत असताना गुडघा फुटला तेव्हाही तो "बाई, बाई" करत रडला होता, आणि बाईंनी इतर मुलांच्या गुडघ्याला लावतात तेवढीच हळद लावली होती. हे सांगताना तो हसत होता, पण पूर्ण नाही.

मुलानं बाईंना न विचारता एक गिऱ्हाईक पाठवलं. दोन तरुण होते, अर्ध्या चड्डीत आणि भारी बुटांत. रविवारी डोंगरात गाड्या घालायचा त्यांना छंद होता. त्यांनी जीपला प्रदक्षिणा घातली, टायरना लाथा मारल्या आणि बाईंना आदरानं विचारलं, "आजी, तुम्ही ऑफरोडिंग करता?"

"करते," बाई म्हणाल्या. "तिथं रोडच नाही."

पोरं खूश झाली. त्यांनी बाईंबरोबर फोटो काढले. मग एक जण आत बसला, त्यानं किल्ली फिरवली, आणि डॅशबोर्डाकडे बघत म्हणाला, इथं हे काय चिकटलंय. आणि नखानं टिकली काढली.

संध्याकाळी पुण्याहून फोन आला. मी जिन्यात होतो, मला एकच बाजू ऐकू आली. "टिकली होती," बाई म्हणत होत्या. "दृष्ट लागू नये म्हणून. ... दिव्यावरच का म्हणजे? कपाळ दुसरं कुठं आहे तिला?" मग तिकडचं बोलणं लांबलं. मग त्या म्हणाल्या, "ठरल्याप्रमाणे होईल. पण आधी लग्न."

लग्न त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं होतं. हा विद्यार्थी शाळेत रोज उशिरा यायचा. कारण विचारलं की सांगायचा, "बाई, चढ लागला." आता तो राजूरच्या खालच्या अंगाला शेती करत होता आणि त्याची होणारी बायको वरच्या एका वाडीवरची होती. मांडव तिकडं वर. रस्ता म्हणाल तर डांबर संपल्यावर नुसती दगडाधोंड्यांची चढण, वऱ्हाडाचा टेम्पो खालीच थांबणार आणि मंडळी चालत वर जाणार. मुलीचा मामा कडक होता. हा नवरदेव साखरपुड्यालाही उशिरा पोचला होता, तेव्हा मामानं भर बैठकीत सांगितलं होतं की लग्नाला मुहूर्त टळला तर पोरगी घरात घेऊन दार लावीन. त्यावर बाई मध्ये पडल्या होत्या. "मी त्याला माझ्या गाडीतून वर आणीन. वेळेत. हा माझा शब्द."

म्हणजे बाईंचे दोन शब्द एकाच जीपमध्ये बसले होते.

मुलगा आदल्या दिवशीच पुण्याहून आला. लग्न उरकलं की परस्पर गाडी घेऊनच जाणार होता. तो स्वतःचं एक छोटं यंत्र घेऊन आला होता, ते गाडीला लावून मोबाईलवर कोड वाचायचा. कोड तोच होता, ब्रेकच्या स्विचचा. त्यानं आईला सांगितलं की स्विच नवा आहे, तो खराब असू शकत नाही, म्हणजे वायरिंगमध्ये किंवा संगणकातच दोष असणार, आणि या वयाच्या गाडीचा संगणक बदलण्यात अर्थ नाही. बाई म्हणाल्या, "हा दिवा तुमच्याच लोकांनी बसवलाय. तुम्हीच समजूत काढा त्याची." त्यानं कोड पुसला, दिवा गेला, आणि सकाळी आम्ही निघालो.

नवरदेव पुढं बसला. डोक्याला मुंडावळ्या, हातात लिंबू खोचलेली कट्यार, आणि तोंडावर परीक्षेला चाललेल्या पोराची कळा. मी आणि मुलगा मागं. डांबर संपलं तिथं वऱ्हाड उतरून उभंच होतं. वाजंत्री जीपच्या मागं लागले, त्यांच्या मागं बायका, आणि बाईंनी गाडी खालच्या गिअरात टाकून चढाला घातली.

पहिलं वळण झोकात गेलं. दुसऱ्या वळणाला खडकांची पायरी होती, तिथं गाडी हादरली, आणि दिवा लागला. लागला तो लागला, गाडीचा जोरही गेला. बाईंनी ऍक्सिलरेटर पार खाली दाबला होता. इंजिन नुसतं कण्हत होतं. थांबून, बंद करून, सुरू करून बघितलं. चार हात बरी चालली आणि पुन्हा तेच. चढावर बोलायचं नाही हा नियम असल्यामुळे कोणी काही बोललं नाही. आम्ही चौघं त्या पिवळ्या दिव्याकडे बघत बसलो.

वाजंत्री मागून येत होते ते बाजूला आले. ताशेवाल्यानं आत बघून नमस्कार केला आणि तो पुढं गेला. मग ढोलवाला गेला. मग बायका जायला लागल्या. डोक्यावर रुखवताच्या पाट्या घेतलेल्या दोन म्हाताऱ्या खिडकीशी आल्या, गाडीच्या चालीनं थोडा वेळ चालल्या आणि त्यातली एक अगदी मायेनं म्हणाली, "बाई, चालत येता का? लवकर पोचताल."

बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी मागून बघितल्या. त्या सबंध नोकरीत ज्या चढाला पायानं चालल्या, त्याच चढावर त्यांना कोणी चालत येता का विचारलं होतं. आरशात मला त्यांचा मुलगाही दिसत होता. सकाळपासून पहिल्यांदाच तो मोबाईलकडे बघत नव्हता.

सगळे पुढं गेले तरी एक जण मागंच राहिला होता. सनईवाला. पोट सुटलेला माणूस, चढाला त्याचा श्वास पुरत नव्हता आणि वाजवायला तर मुळीच पुरत नव्हता. तो जीपच्या मागं सनई काखेत मारून सावकाश येत होता. अखेर तो खिडकीपाशी आला.

"बाई, रागावू नका," तो म्हणाला. "घाबरायचं कारन न्हाई. गाडी मागं येत न्हाई. तेवढा बिरेक सोडा."

"मी ब्रेक दाबलेला नाही."

"मागचे लाल दिवे तर लागल्यात की. खालपास्नं बघतोय मी. तुमी सारखा दाबूनच ठिवलाय."

बाईंना चढावर घाबरून ब्रेक दाबणारी बाई समजणं म्हणजे फारच झालं. त्यांनी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि मला चाकामागं धोंडा लावायला सांगितलं. इंजिन चालूच ठेवून त्या खाली उतरल्या, पदर खोचला आणि सनईवाल्याला खोटं पाडायला गाडीच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. आम्हीही उतरलो. नवरदेवही उतरला, कारण एकट्यानं आत बसायची त्याची तयारी नव्हती.

आम्ही सगळे ओळीनं गाडीच्या मागं उभे राहिलो. मागचे दोन्ही दिवे लालभडक लागलेले होते. आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोणीही नव्हतं.

 मग नवरदेवानं हळूच विचारलं, "बाई, आत कोन हाय?"

इतके दिवस इतकी माणसं त्या गाडीपुढं वाकून गेली होती. दूधवाला, कंपाउंडर, दोन मिस्त्री, मी, बाई, त्यांचा मुलगा. गाडी चालू असताना तिच्या मागं जाऊन उभं राहायचं कोणाला सुचलं नव्हतं.

मुलाच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. तो म्हणाला, "गाडीला वाटतंय तू ब्रेकही दाबतेयस आणि ऍक्सिलरेटरही. म्हणून ती इंजिनाचा जोर काढून घेते. आणि दिवा लावते."

"म्हणजे तो दिवा खरं बोलत होता?"

"पहिल्यापासून."

बाईंनी जीपकडे बघितलं. मागच्या दारावर दोनदा थोपटलं. किती वेळा तिला विनाकारण भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं, याचा हिशोब त्यांच्या मनात चालला असावा.

मुलानं लग्नासाठी आणलेला पांढरा झब्बा विचार न करता धुळीत घातला. ड्रायव्हरच्या दारातून उताणा आत शिरला. डोकं पेडलखाली आणि पाय दाराबाहेर, हवेत. आतून त्याचा आवाज यायला लागला. स्विच चांगला होता. पण पेडल वर आल्यावर त्या स्विचचं बटण ज्या प्लास्टिकच्या बोंडावर टेकतं, ते बोंडच जुनं होऊन, थोडंथोडं गळत आता पार भुगा झालं होतं. त्या जागी नुसतं भोक उरलं होतं. बटण भोकातून आरपार जायचं आणि गाडीला वाटायचं, ब्रेक दाबलेलाच आहे. दोषी म्हणजे करंगळीच्या नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा. तळहातावर घेऊन त्यानं तो भुगा बाहेर दाखवला. आम्ही सगळ्यांनी वाकून दर्शन घेतलं.

आता भोक बुजवायला काहीतरी हवं होतं. फार कडक नको, फार मऊ नको. नवरदेवानं गाडीत ठेवलेल्या पानाच्या ताटातली सुपारी दिली, ती बसेना. सनईवाल्यानं विड्याचा देठ सुचवला. वरून ढोलाचा आवाज आता लांबून यायला लागला होता, म्हणजे वाजंत्री जवळजवळ मांडवाशी पोचले होते आणि नवरदेव अजून खडकावर उभा होता. त्याच्या मुंडावळ्या घामानं कपाळाला चिकटल्या होत्या. आतून मुलाचा पाय एकदा झटकला गेला, बहुतेक डोकं आपटलं असावं, आणि मग आवाज आला,

"बाई, खोडरबर आहे का?"

'आई' नाही म्हणाला. 'बाई' म्हणाला. त्याला स्वतःला ते कळलं असेल असं वाटत नाही.

बाईंनी दाराबाहेर आलेल्या त्याच्या पायांकडे बघितलं. मग त्यांनी पर्स उघडली, तळापर्यंत हात घातला आणि एक पांढरं खोडरबर काढून दारातून आत दिलं. ते मोठं होत होतं. कापायला काही नव्हतं. तेव्हा नवरदेवानं पुढं होऊन लिंबू काढलं आणि आपली कट्यार दिली. आजवर मी कितीतरी लग्नांत नवरदेवाच्या हातात कट्यार बघितली, तिचा उपयोग झालेला तेवढा एकदाच बघितला. खोडरबर बॉनेटवर ठेवून बाईंनी स्वतः कापलं. तुकडा भोकात ठोकून बसवला. मागं उभा राहिलेला सनईवाला ओरडला, "गेलं, गेलं, इझलं!"

मुलगा बाहेर आला तेव्हा झब्बा पाठीमागून ग्रीसनं काळा झाला होता. मोबाईलवरून त्यानं कोड पुसला. बाईंनी हात पुढं केला आणि म्हणाल्या, "उरलेलं परत दे." उरलेलं खोडरबर त्यांनी पर्समध्ये टाकलं आणि गाडीत बसल्या.

मग जीप निघाली ती काय निघाली. सनईवाल्याला आम्ही मागं उचलून घेतलं, त्याला श्वास मिळाला आणि तो वाजवायला लागला. वाटेत त्या दोन म्हाताऱ्या लागल्या. बाईंनी गाडी थांबवून अगदी मायेनं विचारलं, "गाडीत येता का? लवकर पोचताल." म्हाताऱ्या पाट्यांसकट चढल्या. एकीची पाटी माझ्या मांडीवर आली, त्यात शेवया होत्या.

मांडवाच्या तोंडाशी मामा दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता. गुरुजी पंचांग मिटून घेत होते, असं मला तरी दिसलं. मामानं नवरदेवाला विचारलं, एवढा वेळ का लागला. नवरदेवानं तोंड उघडलं. बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो तोंड मिटून सरळ पाटावर जाऊन उभा राहिला. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि बाईंनी तिथंच गुरुजींचं 'शुभमंगल' ऱ्हस्व-दीर्घासकट दुरुस्त केलं.

जेवणं झाली. बुंदी, मठ्ठा, वांग्याची भाजी. मुलगा पंगतीत आईच्या शेजारी बसला होता. गाडी विकायचं काय, हे मी त्या दिवशी त्याच्या तोंडून ऐकलं नाही, आणि नंतरही कधी ऐकलं नाही. जीप अजून संगमनेरलाच आहे. माझी बदली झाली, मी जामखेडला आलो, तरी दिवाळीला फोन केला की गाडीची तब्येत आधी आणि बाईंची नंतर कळते.

परतताना मात्र एक झालं. निघायच्या वेळी बाई जीपपाशी आल्या, किल्ली हातात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि मुलापुढं धरली. "तू घे. मला बुंदी जड झाली." त्यांनी ती गाडी कोणाच्या हातात दिलेली मी तोवर बघितली नव्हती. मुलानं किल्ली घेतली. उतार संपून डांबर लागेपर्यंत त्या ताठ बसून सूचना देत होत्या, डावीकडं घे, दगड बघ, घाई नको. डांबर लागलं तशा सूचना विरळ झाल्या. राजूर यायच्या आत त्यांची मान एका बाजूला कलली होती आणि तोंड थोडं उघडं पडलं होतं. मी त्यांना कधी झोपलेलं बघितलं नव्हतं.

मुलानं वेग कमी केला. मग अजून कमी केला. रस्ता मोकळा होता, गाडी ठणठणीत होती, तरी आम्ही सायकलच्या चालीनं चाललो होतो. खड्डा आला की तो श्वास रोखून चाक हळूच आत सोडायचा आणि हळूच वर काढायचा.

मागून एसटी आली. तिनं एकदा हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यांदा लांबलचक वाजवला. बाईंची मान हलली. मुलानं गाडी जितकी बाजूला घेता येईल तितकी घेतली, एसटी आमच्या बरोबरीला आली, आणि तिचा ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी बोलायला वाकला. मुलानं त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं आणि आपल्या ओठांवर बोट ठेवलं.

ड्रायव्हरनं तोंड मिटलं. आणि आवाज न करता आपली एसटी पुढं घेऊन गेला.